मधल्या खाचेचा घोडा

एक किडनी देऊन दैवशालाला काय मिळणार होतं, याचा हिशेब केदारखेड्यात आधी झाला आणि रक्ताच्या तपासण्या नंतर. हिशेब सोपा होता. पुलाकडचं दीड एकर, विहिरीच्या पाण्यातल्या वाट्यासकट. आणि माहेरचं दार, जे दोन दिवाळ्या तिच्यासाठी उघडलं नव्हतं. समोरच्या बाजूला फक्त एक किडनी. ती देवानं दोन दिलेल्या असतात. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत बसणाऱ्यांना हा सौदा बाईच्या फायद्याचा वाटला. त्यांच्यापैकी कुणाचीच किडनी कुणी मागितलेली नव्हती, त्यामुळं त्यांना भाव अगदी स्वच्छ दिसत होता.

दार बंद झालं त्याचं कारणही सगळ्यांना माहीत होतं. दैवशाला म्हणजे काकासाहेबांची मधली मुलगी. थोरला आदिनाथ गावात शेती बघतो, धाकट्या अंगदचं जालन्यात मस्तगडला बॅटऱ्यांचं दुकान आहे. हिला भोकरदनला दिली. नवरा सोमेश्वर दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, ही भाड्याच्या खोलीत ब्लाऊज शिवते. दोन वर्षांमागं राखीला आली तेव्हा ओवाळून झाल्यावर म्हणाली, "साडी नको. माझ्या वाट्याचं तेवढं बोला." एवढंच बोलली. आदिनाथनं हातातला पेढा ताटात परत ठेवला. अंगद हसला. काकासाहेब म्हणाले, "बघू." त्या दिवाळीला तिला न्यायला कुणी गेलं नाही, पुढच्याही नाही.

मग काकासाहेबांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. जाताना माणूस चालत जायचा, येताना पिळून काढलेल्या फडक्यासारखा मागच्या सीटवर पडून यायचा. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातलं कुणी देत असेल तर बघा, असं फार दिवस चालायचं नाही. उषाबाईंना, म्हणजे काकासाहेबांच्या बायकोला, साखर. त्या पहिल्याच दिवशी बाद. पोरांच्या तपासण्या झाल्या आणि तिघंही बसले. तिघांचं जुळलं ही आनंदाची बातमी होती. घरात ती कुणी मोठ्यानं सांगितली नाही.

त्यानंतर त्या घरात भावाभावांत जे कौतुक सुरू झालं ते आधी कधी ऐकलं नव्हतं.

"अंगद्या, तू जिमला जातो. तुझ्यासारखं अंग पंचक्रोशीत न्हाई कुणाचं," आदिनाथ म्हणायचा.

"अंगाचं काय दादा, मला दिवसभर बॅटऱ्या उचलाव्या लागतात. तुझ्याकडं तर गडी आहेत."

"मंग मी काय नुसता बसून राह्यलो का?"

"तसं न्हाई म्हणलो. म्हणलो, तुला नंतर आराम भेटंल."

काकासाहेब कॉटवर पडून हे ऐकायचे. त्यांनी आयुष्यात कुणाला काही मागितलं नव्हतं; सोसायटीचं चेअरमनपदसुद्धा लोकांनी गळ्यात घातलं, असं ते सांगायचे. आता पोराकडं किडनी माग म्हटलं तर तोंड उघडेना. मागितली आणि पोरगा नाही म्हणाला, तर काय उरलं? म्हणून एके सकाळी ते म्हणाले, "घोडे काढा. ज्याचा जिंकल त्यानं द्यायची."

घोडे म्हणजे एक खेळणं. काकासाहेबांच्या वडिलांनी, अप्पारावांनी, निजामाचं राज्य गेल्यावर जालन्यातल्या कुठल्याशा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेलं. हिरव्या रंगाची लांबट पत्र्याची पेटी, वर सहा खाचा, प्रत्येक खाचेत स्वारासकट एक पत्र्याचा घोडा. बाजूला दांडी. दांडी फिरवली की खालचा ताणलेला कापडी पट्टा थरथरतो आणि घोडे आपापल्या खाचेतून इंचाइंचानं पुढं सरकतात. सहातले तीन घोडे कधीच हरवले. राहिले ते लाल, पांढरा आणि काळा. आदिनाथचा, मधल्या खाचेतला दैवशालाचा आणि अंगदचा.

लेकरांचा खेळ होता. काकासाहेबांनी त्याची कचेरी केली. दुसऱ्या घरात चिठ्ठ्या टाकत असतील, यांच्याकडं घोडे. जत्रेला कोण जाणार, नवी सायकल कुणाची, कापूस विकायला बापासोबत जालन्याला कोण. तिघांना समोर बसवायचं, दांडी स्वतः फिरवायची, आणि घोडा पोचला की उठायचं. नंतर रडलेलं, रुसलेलं चालायचं नाही. बापाला कुणाचा वाईटपणा घ्यावा लागत नव्हता. वाईटपणा घोड्यांचा.

दैवशालाचा घोडा एकदाही पहिला आला नाही. दहावीला तिला दोन्ही भावांपेक्षा जास्त मार्क होते. पुढं शिकायला शहरात एकालाच ठेवणं होतं, म्हणून शर्यत लावली. पांढरा घोडा निम्म्या वाटेत उभा राहिला. त्या दुपारी तिनं केसांतली पिन खाचेत घालून बघितली. मेण निघालं. ते बोटावर घेऊन ती आईकडं गेली. उषाबाई म्हणाल्या, "गप बस. हात धू." तिनं हात धुतले, आणि दुसऱ्या महिन्यापासून शिवणाच्या क्लासला जायला लागली. लग्न झाल्यावर काकासाहेबांनी पांढरा घोडा पेटीतून काढायला लावला. उषाबाईंनी तो बटणांच्या डब्यात टाकून दिला.

तोच आता डब्यातून बाहेर आला, कारण तपासणीत तीही बसली होती, आणि नेमकी या वेळी तिला पोटची लेक म्हणून धरायला कुणाचीच हरकत नव्हती.

पट्टा कुजला होता. अंगदनं पेटी मस्तगडला नेली. त्याच्या दुकानापासून चार दुकानं सोडून सिराजोद्दीनचाचा शिलाई मशिनी आणि जुनी घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी नवा पट्टा चढवला, पेटी पुसून दिली आणि म्हणाले, "अंगदसेठ, मधल्या खाचेत जुनं मेण होतं, साफ केलं. अब सब घोडे बराबर चालतात."

"माझा पण चालतो, तेच तर वाईट झालं, चाचा," अंगद म्हणाला.

चाचांना वाटलं गिऱ्हाईक मजाक करतंय. ते हसले आणि मजुरी कमी घेतली.

शर्यत रविवारी दुपारी झाली. फरशीवर चादर, चादरीवर पेटी. काकासाहेब भिंतीला टेकून. डाव्या हाताला डायलिसिसची पट्टी, उजवा दांडीवर. दोन्ही सुना स्वयंपाकघराच्या दारात. उषाबाई जरा आत.

"जो जिंकल तो देणार," काकासाहेबांनी पुन्हा सांगितलं.

"आबा, जिंकणारानंच द्यायचं?" आदिनाथनं अजून एकदा विचारून बघितलं. "उलटं न्हाई का होत हे?"

"ह्या घरात जिंकणाराला मान भेटतो. बापाला जीव द्यायचा मान तुला कमी वाटून राह्यला का?"

आदिनाथ खाली बघायला लागला. कमी वाटतो असं म्हणायची सोय नव्हती.

दैवशाला भोकरदनच्या बसनं आली होती. दोन वर्षांनी त्या घरात तिनं पाणी घेतलं. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "आबा, माझा घोडा जिंकला तर पुलाकडचं शेत माझ्या नावावर करायचं."

"ताई, बाप मरणाला टेकलाय आन् तू बोली लावून राह्यली?" अंगद म्हणाला.

"तू पण लाव ना. तुझा जिंकल्यावर तुला काय पायजे ते सांग."

आपण जिंकल्यावरचं बोलायला अंगद तयार नव्हता. तो मोबाईल बघू लागला.

 "दिलं," काकासाहेब म्हणाले. "घोड्यानं ठरलेलं ह्या घरात कवा फिरलं न्हाई."

दैवशालाचा सगळा भरवसा याच वाक्यावर होता, आणि तो भाबडेपणा नव्हता. बापाला ती ओळखून होती. बाप शर्यतीआधी लबाडी करतो, हे तिनं स्वतःच्या बोटावर बघितलं होतं. पण निकाल लागल्यावर बाप तो फिरवत नाही, हेही तिनंच भोगलं होतं. सायकल फिरली नाही, शाळा फिरली नाही. जो नियम आपल्या विरुद्ध इतका पक्का राहिला तो एकदा आपल्या बाजूनंही पक्का राहील, असं तिनं धरलं. हिशेबात तिची चूक झाली ती एवढीच.

दांडी फिरली. पट्टा थरथरला. पांढरा घोडा हलला, अडखळला, पुन्हा हलला. लाल आणि काळा जागचे हलेनात. नवीन पट्ट्यावर दोघं नुसते थडथडत होते, थंडीत उभ्या केलेल्या जनावरासारखे. अंगदनं जालन्याहून येतानाच काळ्याच्या खाचेत मेण भरलं होतं. आदिनाथनं सकाळी सगळे अंघोळीला गेल्यावर लालच्या. एकमेकांना न सांगता. किडनीची गोष्ट निघाल्यापासून दोन भावांचं एकमत झालं ते या एकाच कामात.

 पेटीचा कर्र आवाज, आणि त्यात एकटाच चाललेला घोडा. शर्यत म्हणायचं तर दुसरा कुणी पळत नव्हता. काकासाहेब फिरवत राहिले. दम लागला तसं थांबले, पुन्हा फिरवलं. पांढरा शेवटच्या रेघेला टेकला तेव्हा ते घामानं भिजले होते.

मग त्यांनी काळा घोडा उचलला. खाचेत अंगठ्याचं नख घातलं, खरडलं, नखाकडं बघितलं. लालच्या खाचेत घातलं, पुन्हा बघितलं. आदिनाथ पंख्याकडं बघत होता. अंगदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या घटकेला काकासाहेबांना म्हणता आलं असतं की पुन्हा खेळू. त्यांनी नख धोतराला पुसलं, दोन्ही घोडे जागेवर ठेवले आणि म्हणाले, "निकाल लागला."

"पयल्यांदाच जिंकली गं," एक सून दुसरीला हळूच म्हणाली. तिला खरंच कौतुक वाटलं होतं.

भोकरदनला सोमेश्वरनं ऐकून घेतलं. जेवण झाल्यावर म्हणाला, "दे. बाप आहे, मी अडवत न्हाई. पण लिहून घे."

"लिहून कशाला? आबांनी सगळ्यांदेखत सांगितलंय."

"सगळे म्हंजे कोण? तेच सगळे ना?"

ती लिहून घ्यायला जाणारच होती. त्याआधी भाऊच आले, दोघं मिळून, सफरचंदं घेऊन. दोन वर्षांत पहिल्यांदा बहिणीच्या खोलीचा पत्ता त्यांना सापडला. सोबत एक वकील. वकिलानं चहा घेता घेता समजावलं: ऑपरेशनच्या आधी समितीपुढं जावं लागतं. तिथं कॅमेऱ्यासमोर विचारतात, बदल्यात काही घेताय का? जमीन, पैसा, काहीही? घेत असाल तर तो अवयवाचा व्यवहार झाला. गुन्हा. देणारा आत, घेणारा आत.

"म्हंजे लिहून दिलं तर आबांचं ऑपरेशनच व्हायचं न्हाई, ताई," अंगद म्हणाला.

"तोंडी राहू द्या मंग."

"तोंडीचं पण समितीला कळतं. गावात टपरीवर पोरं बोलून राह्यली, पुलाकडच्या शेतासाठी देती म्हणून. उद्या कुणी अर्ज टाकला तर?" आदिनाथनं खुर्ची पुढं ओढली. "त्याच्यावर एकच इलाज आहे. तू आधी हक्कसोड करून दे. जमिनीशी संबंधच न्हाई म्हणल्यावर कुणाची बोलायची बिशाद न्हाई. मंग आबा बरे झाले की आबा आन् तू. आमी मधी येत न्हाई."

सोमेश्वर म्हणाला, "म्हंजे किडनी पण हिनंच द्यायची आन् सही पण हिनंच."

"दाजी, तुमी भावनेच्या भरात बोलून राह्यले," अंगद म्हणाला.

दैवशालाला फास दिसला. न दिसायला ती काही कालची पोर नव्हती. लिहून घ्यावं तर बाप मरतो, आणि जमिनीपायी बापाला मारणारी म्हणून ती जन्मभर मिरवते. न लिहून घ्यावं तर हातात फक्त शब्द. पण तो शब्द घोड्यावरचा होता. तिनं पुन्हा तोच हिशेब केला आणि पुन्हा तोच आकडा आला. भोकरदनच्या निबंधक कार्यालयात तिनं अंगठा आणि सही दोन्ही दिलं. तिथल्या कारकुनानं सवयीनं विचारलं, राजीखुशीनं ना? ती हो म्हणाली. हक्कसोडीला आलेल्या सगळ्याच बहिणी हो म्हणतात.

समितीनं विचारलं, "बदल्यात काही मिळणार आहे का?"

"न्हाई," ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली. खोटं बोलायची तयारी करून ती आली होती.

ऑपरेशन नीट झालं. काकासाहेबांच्या तोंडावर रंग आला. दोन महिन्यांत ते गल्लीत फिरायला लागले, चारचौघांत शर्ट वर करून टाके दाखवायला लागले. "लेकीचं आहे," म्हणायचे, "कवा उलटून बोलणार न्हाई." दैवशालाला डॉक्टरांनी तीन महिने मशीनवर बसू नको म्हणून सांगितलं. लग्नसराई होती. गिऱ्हाईकं कापड परत घेऊन गेली आणि बहुतेक परत आली नाहीत. नंतर बसायला लागली तर संध्याकाळी डावी बाजू ओढायची. माहेरून फोन यायचा तो आबांच्या गोळ्यांच्या वेळा चांगल्या पाळल्या जातात, हे कळवायला.

दिवाळीला न्यायला कुणी आलं नाही. भाऊबीज उलटल्यावर ती स्वतःच बसनं गेली. दोघं भाऊ घरीच होते.

"आबा, पुलाकडच्या शेताचं," ती म्हणाली.

काकासाहेब फराळ करत होते. त्यांनी चिवड्यातले शेंगदाणे बाजूला केले. "वाटणीपत्र झालं, बाई. दोघांच्या नावावर फेर पण पडला."

"आपलं बोलणं झाल्तं."

"झाल्तं."

"मंग?"

"ती शर्यत खरी न्हवती." ते शांतपणे म्हणाले, सोसायटीच्या बैठकीत बोलायचे तसं. "ह्या दोघांनी खाचेत मेण लावल्तं. मी नखानं खरडून बघितलं. सगळ्यांदेखत बघितलं. खोट्या शर्यतीचा निकाल मी कसा धरू? पोरगी म्हणून तुलाच एकटीला सूट देऊ का?"

आदिनाथ आणि अंगदनं माना खाली घातल्या. चोरी उघडी पडल्याचा इतका आनंद कुणाला झालेला आजवर पाहिलेला नाही.

दैवशाला उभीच होती. "मंग माझ्या दहावीनंतरची पण रद्द करा," ती म्हणाली. "मधल्या खाचेत मेण होतं. तवाही."

"ते जुनं झालं."

"आन् किडनी? खोट्या शर्यतीत गेली ना ती? परत द्या."

काकासाहेबांचा हात पोटाच्या उजव्या बाजूला गेला आणि तिथंच राहिला. एवढ्या मोठ्या माणसानं लेकीसमोर पोट झाकून धरलं. मग म्हणाले, "आदिनाथ, हिला चहा द्यायला सांग. साडेपाचची बस निघून जाईल."

स्वयंपाकघरातून उषाबाई बाहेर आल्या. त्या घरात पुरुषांच्या बोलण्यात त्या कधी बोलत नसत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "दहावीच्या टायमाला मेण मीच वितळून दिल्तं. ह्यांना बराबर भरता येत न्हवतं. सांडत होतं."

 दैवशालानं आईकडं बघितलं. बापाकडं, भावांकडं बघितलं तेव्हा तिच्या तोंडावर राग होता. आता तोही नव्हता. तिनं चपला घातल्या. चहा घेतला नाही. साडेपाचची बस तिला मिळाली.

घोड्यांची पेटी पुढं अंगदनं जालन्याला नेऊन दुकानाच्या काचेत ठेवली. जुन्या वस्तूंचे शौकीन थांबून बघतात. विकायची नाही म्हणतो, घराण्याची आठवण आहे.

आता कुणी काय भरलं ते बघू. अंगदनं पट्ट्याची दुरुस्ती भरली, तीही चाचांनी कमी घेतलेली. आदिनाथनं वकिलाची फी आणि सफरचंदं. काकासाहेबांनी एक शब्द दिला होता, तो परत घेतला. त्यांचं खातं आधी होतं तेवढंच कोरं आहे आणि तब्येत उत्तम. उषाबाई दर शनिवारी बाजाराच्या बसनं भोकरदनला जातात, पिशवीत ज्वारीचं पीठ घेऊन; खोलीच्या दारात थोडा वेळ उभ्या राहतात, आत मशीन चालू असल्याचा आवाज येतो, दार उघडत नाही, आणि पीठ त्याच बसनं परत येतं. त्या घरात खरं एकट्या त्याच बोलल्या होत्या, त्याची त्यांना पडलेली किंमत ती ही. बाकीचं सगळं दैवशालानं भरलं.